पानमळ्यातली पेटी

"बूट काढा आधी!"

तात्या एवढ्या जोरात ओरडले की पुण्याहून आलेला तो मुलगा एक पाय पानमळ्यात आणि एक पाय बाहेर, असा तसाच थांबला. खांद्यावर दोन बॅगा, गळ्यात हेडफोन आणि डोळ्यांत भीती. मला हसू आवरेना.

"वेल हाय ती," तात्या म्हणाले. "देवघरात जाता का पायताण घालून? मग हितंबी न्हाई जायचं."

त्यानं बूट काढले, मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ओल्या सरीत पाय ठेवल्याबरोबर "आई गं" म्हणाला. बाहेर वैशाखाचं ऊन होतं, आणि आत शेवरीच्या झाडांच्या रांगांवर चढलेल्या पानवेलींखाली माठात हात घातल्यासारखा गारवा. तात्या खूश झाले. आपल्या मळ्यात येऊन जो "आई गं" म्हणेल तो माणूस चांगला, अशी त्यांची माणसं पारखायची पद्धत होती. माझ्या नवऱ्याला त्यांनी हीच परीक्षा लावायला हवी होती. पुढे मला चार वर्षांत कायमचं माहेरी यावं लागलं नसतं.

त्या मुलाचं नाव मिहीर. तो चित्रकार नव्हता आणि इंजिनियरही नव्हता, दोन्हीच्या मधलं काहीतरी होता. झाडांना, पाण्याला यंत्रं जोडून त्यांच्यापासून आवाज तयार करायचे आणि शहरातल्या लोकांना ते दालनात बसवून ऐकवायचे, हे त्याचं काम. त्यानं बॅगेतून डब्याएवढी एक पेटी काढली. तिला दोन वायरी, वायरींच्या टोकांना कपडे वाळत घालायच्या चिमट्यांसारखे पण अगदी इवलेसे चिमटे. ते त्यानं पानाच्या देठाला आणि टोकाला लावले, बटण दाबलं, आणि पेटीतून सूर आला. बासरी आणि घुंगरू यांच्या मधला असा काहीतरी. थांबत, चाचरत, पुन्हा सुरू होत.

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तांब्या तिच्या हातातच राहिला.

"वेल बोलती व्हय?"

"पानात जे चाललंय ते आपल्या कानाला कळावं, असा प्रयत्न आहे, काकू," मिहीर म्हणाला. "म्हणजे झाड आपल्याशी बोलतं, की आपणच आपलं ऐकतो, हाच तर प्रश्न आहे."

"त्यो प्रश्न तू पुण्यात इचार," तात्या म्हणाले. "हितं च्या घे."

तो महिनाभर आमच्याकडे राहिला. तात्यांचं आणि त्याचं चांगलं जमलं. एकदा दुपारी दोघं बराच वेळ मळ्यात होते आणि बाहेर आले ते पोट धरून हसत. तात्यांचे हात कोपरापर्यंत चिखलानं भरले होते. आईनं विचारलं, काय झालं? "काय न्हाई, पुणेकराची एक गंमत," एवढंच तात्या म्हणाले, आणि आईकडे बघून पुन्हा हसले.

पावसाळा संपता संपता मिहीरनं पुण्यात त्याचं प्रदर्शन मांडलं आणि आम्हा तिघांना गाडी पाठवून नेलं. मोठं दालन, काळोख केलेलं, खाली ओली माती पसरलेली. दारात लिहिलं होतं, चपला काढून आत या, डोळे मिटून ऐका. चपलांची कल्पना आपलीच, म्हणून तात्यांची छाती फुगली. आत आमच्या वेलींचे सूर चारी बाजूंनी येत होते. चांगली शिकलीसवरलेली माणसं मातीत मांडी घालून बसली होती, आणि एक बाई तर चक्क रडत होती. तात्यांनी माझ्या हाताला चिमटा काढला. "बघ की, कशी रडाय लागल्यात," ते कुजबुजले, आणि हसू दाबताना त्यांचं सगळं अंग हलत होतं. मी आईकडे पाहिलं. तिनं डोळे घट्ट मिटले होते आणि दोन्ही हात जोडले होते.

परत येताना तात्यांनी मिहीरकडून एक पेटी मागून घेतली.

मळा घराला लागूनच. तात्यांनी वायर लांब करून पेटी सोप्यात ठेवली. मग रोज सकाळी चहाच्या वेळी वेलीचं बोलणं आईला समजावून सांगायचं, हा त्यांचा उद्योग झाला. सूर खाली गेला की म्हणत, "तहानली बघ." पाण्याची पाळी दिली आणि सूर चढला की, "आता बघ कशी खुशीत आली." सूर तुटक आला की, "हौसाबाईनं च्यात साकर कमी घातली, म्हणतीय." आई लटकं चिडायची, पण उठून साखर आणायची. तिचा सगळ्यावर विश्वास होता. खालचा सूर म्हणजे दुःख, चढा म्हणजे आनंद, थरथरता म्हणजे रुसवा. तात्यांनी चेष्टेत शिकवलेली ही भाषा तिला शाळेतल्या बाराखडीसारखी पाठ झाली.

पुढच्या वर्षी वेली उतरवायच्या दिवसांत तात्या मळ्यात कोसळले. वाढलेल्या वेली शेवरीवरून सोडवून, खालचा भाग मातीत पुरून, शेंडा पुन्हा वर बांधायचा असतो. एक वेल हातात धरलेलीच होती. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टर म्हणाले, "बोलणं येईलसं वाटत नाही. पण त्यांना समजतंय सगळं. त्यांच्याशी बोलत राहा."

आई बोलत राहिली. पण उत्तर न देणाऱ्या माणसाशी किती बोलणार? ती वाळायला लागली. वेणी घालेना, जेवेना. तात्यांच्या पलंगाशी बसून एकटक बघत राहायची. धाकटा भाऊ धनाजी हुबळीला नोकरीला, तो महिन्याकाठी यायचा आणि तिला रागवून जायचा.

मग एक दिवस मी ब्लाउजला हातशिलाई करत असताना आतून सूर आला. जाऊन बघते तर आईनं मळ्यातली वायर ओढून आणली होती आणि ते दोन चिमटे तात्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना लावले होते.

"अगं, हे काय करतेस?"

"येवढ्याश्या पानाला बोलतं करतंय," ती म्हणाली, "मग माणसाला का न्हाई करणार?"

आणि पेटी खरंच वाजत होती. मंद, खाली, मध्येच हलणारी. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "अहो," ती म्हणाली, "किती दिवसांनी बोललासा."

तात्यांनी आधी पेटीकडे पाहिलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. तोंडाचा एक कोपरा हलला. आम्ही दोघी म्हणालो, हसले.

आईला अन्न गोड लागायला लागलं. ती वेणी घालायला लागली. रोज सकाळी तात्यांचं अंग पुसायची, पेटी लावायची आणि भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून ऐकत बसायची. मी म्हणायची, त्यांच्या तोंडाकडे तरी बघ. तर म्हणायची, "डोळं मिटूनच ऐकायचं असतंय. पुण्यात लिवलं व्हतं की." मी गप्प बसायची. माझी जीभ घरात सगळ्यांत तिखट, पण बाई पुन्हा जेवायला लागली होती. आणि खरं सांगायचं तर मीही कधीकधी शिवणाचं मशीन थांबवून कान द्यायची.

एकच अडचण होती. तात्या डाव्या हाताचा अंगठा घासून घासून चिमटा काढून टाकायचे. आई पुन्हा लावायची, ते पुन्हा काढायचे. "खोड काय जात न्हाई ह्यांची," ती हसून म्हणायची. "जल्मभर माझी चेष्टा केली, आता बी चाललीय." शेवटी तिनं चिमटे उजव्या हाताला लावले. तो हात निर्जीव होता. कूस वळता येत नसल्यानं डावा हात तिथवर पोचत नव्हता.

त्यानंतर तात्या माझ्याकडे फार बघायचे. मी खोलीत शिरले की डोळे माझ्यावर, मग पेटीवर, मग पुन्हा माझ्यावर. "आवाज वाढव म्हणत्यात," आई सांगायची आणि वाढवायची.

शेवटच्या दिवशी दुपारी मी सोप्यात लग्नघरच्या चोळ्या शिवत होते. पेटी त्या दिवशी विलक्षण वाजत होती. एवढी चढलेली आणि एवढी जलद मी ती कधीच ऐकली नव्हती, मळ्यात भर पाण्यातसुद्धा नाही. आतून आईचा आवाज येत होता. जोतिबाच्या यात्रेत ती हरवली होती आणि तात्यांनी भोंग्यावरून तिचं नाव पुकारून घेतलं होतं, तो किस्सा ती त्यांना सांगत होती.

"आज लई खुशीत हाईत गं!" तिनं मला ओरडून सांगितलं.

मग हळूहळू सूर खाली उतरला. आई बाहेर आली, म्हणाली, झोप लागली त्यांना, चहा टाकते. चहा घेऊन मी आत गेले. तात्यांचे डोळे उघडे होते.

डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, हृदय बंद पडलं म्हणाले. "काही त्रास जाणवला का दुपारी? घाबरेपणा, तळमळ, घाम?"

"काय सुदिक न्हाई," आई म्हणाली. "उलट आज लई बोलत व्हते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटीकडे बोट दाखवलं. ते बॅग उचलून गेले.

धनाजी सकाळी पोचला. अंगणात तिरडी बांधून झाली होती, दारात तीन दगडांच्या चुलीवर भाताचं मडकं चढलं होतं. तात्यांना आंघोळ घातली. नवं धोतर नेसवलं. अर्धं गाव कुंपणापाशी उभं होतं. आणि आई पेटी छातीशी धरून बाहेर आली.

"एकदाच लावू द्या," ती म्हणाली. "शेवटचं."

कोण नाही म्हणणार? तिनं ओल्या बोटांना चिमटे लावले, आणि पेटी वाजली. चांगली खणखणीत, वरच्या सुरात.

बायकांचं रडणं एकदम थांबलं. कुणीतरी "अगं बया" म्हणालं. तिरडीपाशी उभे असलेले दोघं मागं सरले.

"जित्ता हाय!" आई किंचाळली. "म्या सांगत नव्हते? खुशीत हाईत! सोडा त्यास्नी!"

"आई, डॉक्टरनं बघितलंय कालच," धनाजी म्हणाला. "अंग गार पडलंय, हात लावून बघ की."

"अंग पयल्यापासनं गारच हाय त्यांचं. तुला काय ठावं, तू हुतास व्हय हितं?" ती तात्यांच्या अंगावर आडवी पडली. "जित्त्या माणसाला जाळणार व्हय रं? पोटचा हाईस ना तू?"

धनाजीनं तिला धरून ओढायला बघितलं, तर तिनं त्याच्या हाताला चावा घेतला. दोन म्हातारे हळू आवाजात बोलायला लागले की डॉक्टरला परत बोलवावं, काही सांगता येत नाही. ऊन वर चढत होतं. तात्यांच्या नाकात घातलेल्या कापसाभोवती माश्या यायला लागल्या, आणि पेटी वाजतच होती. माझ्या बापाची अशी दशा मला बघवेना.

मी घरामागं गेले आणि मिहीरला फोन लावला. तात्या गेले म्हटल्यावर तो रडायला लागला. मी म्हटलं, रडायचं नंतर. आधी सांग, तुझी पेटी मेलेल्या माणसाला लावली तर का वाजते?

"ताई, ती कशालाही लावली तरी वाजते," तो म्हणाला. "बारीकशी वीज जाते एका चिमट्यातून दुसऱ्यात. मध्ये ओल असली की झालं. ओल जास्त तर सूर चढा. ओलं फडकं, माती, काहीही. पण... तात्यांना का लावली?"

"हे आम्हाला आधी सांगता येत नव्हतं?"

"तात्यांना सांगितलं होतं की मी. मळ्यातच, चिखलाच्या गोळ्याला लावून दाखवलं होतं. ते एवढे हसले! मला म्हणाले, आमच्या मंडळींना सांगू नकोस, तिला वाटू दे वेल बोलतीय म्हणून." तो थांबला. "ताई? ऐकताय ना?"

मी ऐकत होते. डावा अंगठा घासून घासून चिमटा काढणारे तात्या मला दिसत होते. मग तो उजवा हात. मग ते माझ्याकडे, पेटीकडे, पुन्हा माझ्याकडे वळणारे डोळे. सगळं समजत होतं त्यांना, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. त्यांची बायको रोज त्यांच्या उशाशी बसून त्यांच्याशी नाही, त्यांच्या अंगावरच्या ओलीशी बोलत होती. त्यांनीच तिला ती भाषा शिकवली होती, आणि आता ती चेष्टा होती एवढं सांगायला त्यांच्याकडे एक शब्द नव्हता.

मी फोन बंद केला. मग अंगणात गेले.

आई तशीच आडवी पडलेली. तिरडीबरोबर न्यायच्या ताटात कणकेचे गोळे करून ठेवले होते, नुकतेच मळलेले. मी तात्यांच्या बोटांचे चिमटे काढले. पेटी बंद झाली तशी आईनं मान वर केली आणि माझ्यावर धावून येणार, एवढ्यात मी ते चिमटे कणकेच्या गोळ्याला लावले.

पेटी वाजली. तोच सूर, तोच थाट.

 आईनं गोळ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. तिनं एक बोट पुढे करून तो दाबून बघितला. सूर किंचित वर गेला. मग तिनं आपल्या हातानं दोन्ही चिमटे काढले, वायर पेटीभोवती नीट गुंडाळली, आणि तात्यांच्या कपाळावरचे केस सारखे करून बाजूला झाली.

"न्या," ती म्हणाली.

पुरुष माणसं गेली. घरात आम्ही बायका उरलो. शेजारणी काहीबाही बोलून एकेक करून निघून गेल्या. आई तात्यांच्या रिकाम्या पलंगाशी, रोजच्याच जागी, भिंतीला टेकून बसली. आज तिचे डोळे उघडे होते.

"रंजे."

"काय गं?"

"पाण्यानं वाजतंय व्हय ते?"

"हं."

"मळ्यात पाणी सोडलं की चढायचं."

"हं."

"मग काल दुपारी येवढं कशानं चढलं? अंग तर म्या सकाळीच पुसलं व्हतं."

 तिनं पलंगावरची उशी ओढून मांडीवर घेतली आणि तिच्यावरून हात फिरवला.

"च्या ठेवायला उठले तवा ही वली लागली हाताला. वाटलं, पाणी पाजताना सांडलं असंल." तिचा हात तिथंच थांबला. "डॉक्टर घाम इचारत व्हता न्हवं? तळमळत असत्याल गं ते. आन् मी डोळं मिटून ऐकत बसले."

मी तिला जवळ घेतलं. ती रडली नाही. लाकडासारखी ताठ बसून राहिली. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "ह्यास्नी ठावं व्हतं का, की ते कशालाबी वाजतंय?"

"नाही," मी म्हणाले. "कुणालाच माहीत नव्हतं. मला आत्ता मिहीरनं फोनवर सांगितलं."

आयुष्यात मी आईशी एवढं धडधडीत खोटं कधीच बोलले नव्हते. त्यानंतर नऊ वर्षं ती जगली, पण पेटीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही, आणि मीही नाही. त्या दिवशी मात्र तिनं मान हलवली. मला वाटलं, पटलं तिला. तिनं उशी जागेवर ठेवली, तिच्यावर चादर ओढली, कडा नीट खोचल्या.

"मग चिमटा सारखा काढून का टाकायचे गं?" ती म्हणाली.